नोंदवही आणि शिरगणती

1871 साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याच्या पहिल्या भागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्या भागाची आठवण क्वचितच निघते. कायदा ज्यांना ‘नपुंसक’ म्हणे, आणि ज्यांत मुख्यतः हिजडा समाज मोडे, अशांपैकी संशयितांची नावे व ठिकाणे लिहिलेली नोंदवही ठेवण्याची तरतूद त्या भागात होती. मुले पळवल्याचा किंवा कलम 377 खालील गुन्ह्याचा संशय नोंदीस पुरेसा होता. एकदा नाव चढले, की स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे किंवा लोकांसमोर नाचणे शिक्षापात्र ठरे. मृत्युपत्र करणे, दत्तक घेणे, अल्पवयीन मुलाचे पालक होणे हे हक्कही संपत.

ही नोंदवही ज्या समाजाच्या स्मरणात आहे, त्याने सरकारी अर्जातील ‘लिंग’ या रकान्याकडे साशंकतेने पाहावे, हे स्वाभाविकच आहे. लिंगभाव आणि लैंगिक कल यांची माहिती गोळा करू नये, असे म्हणणाऱ्यांचे सर्वांत वजनदार कारण तेच आहे. परंतु नोंदवही आणि शिरगणती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नोंदवहीला माणूस हवा असतो, त्याचे नाव आणि पत्ता हवा असतो. शिरगणतीला केवळ बेरीज हवी असते. 1948 च्या जनगणना कायद्याचे कलम 15 हा भेद स्पष्ट करते. प्रगणकाने लिहिलेली व्यक्तिगत माहिती कोणालाही पाहता येत नाही, आणि अपवाद वगळता न्यायालयात पुरावा म्हणून ती ग्राह्य धरली जात नाही.

बेरीज नसली म्हणजे काय होते, हेही या देशाने अनुभवले आहे. कलम 377 विरुद्धच्या खटल्यात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयापुढे आकडे मांडले: पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष अंदाजे 25 लाख, त्यांच्यात एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 8 टक्के, तर सर्वसाधारण लोकसंख्येत 1 टक्क्याहून कमी. कायद्याच्या भीतीने हे लोक उपचारापर्यंत येत नाहीत, असे या संघटनेचे म्हणणे होते. त्याच सरकारचे गृहखाते मात्र कलम टिकवू पाहत होते. 2009 च्या निकालात या आकड्यांना वजन मिळाले. तरीही तो साथरोगशास्त्राचा अंदाज होता, आणि तोही वर्तनाचा. स्त्रिया त्यात नव्हत्याच. ज्यांचा आजाराशी संबंध नाही, त्यांच्याविषयी सरकारदरबारी जवळजवळ काहीच नव्हते.

11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. हे लोक देशाच्या लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत, दीडशेहून अधिक वर्षांत दोनशेहून कमी खटले झाले, आणि भेदभावाचे पुरेसे तपशील याचिकेत नाहीत, अशी कारणे न्यायालयाने दिली. ज्यांना कोणी मोजलेच नव्हते, त्यांचे अल्पत्व येथे युक्तिवाद झाले. 2017 च्या खासगीपणाविषयीच्या निकालाने ही विचारसरणी नाकारली आणि 2018 मध्ये प्रौढांचे संमतीचे संबंध कलम 377 च्या कक्षेबाहेर गेले. हक्क संख्येवर अवलंबून नसतो, हे त्यानंतर कायद्याचे सूत्र ठरले. ते योग्यच आहे. पण औषधांचा साठा, समुपदेशकांच्या जागा, शिष्यवृत्त्या यांची तरतूद संख्येवाचून करता येत नाही.

2011 च्या जनगणनेत पुरुष 1, स्त्री 2 यांच्या जोडीला ‘इतर’ 3 हा संकेत प्रथमच आला. 121 कोटींत 4,87,803 जण या रकान्यात नोंदले गेले. संख्या फार कमी आहे, यात नवल नाही. उत्तर बहुधा कुटुंबप्रमुख देतो, आणि घराबाहेर काढलेल्या व्यक्तीची नोंद त्या घरात होत नाही. त्यांतील 54,854 मुले सहा वर्षे किंवा त्याहून लहान होती. ही आंतरलिंगी शरीराची नोंद की पालकांचा अंदाज, की प्रगणकाची चूक? एकाच प्रश्नात शरीर आणि ओळख दोन्ही कोंबल्यावर हे कळण्यास मार्ग उरत नाही. हा दोष मोजण्याचा नव्हे, प्रश्नाच्या रचनेचा आहे. लैंगिक कलाविषयी तर जनगणनेत प्रश्नच नाही, आणि दारात उभ्या असलेल्या प्रगणकाने साऱ्या कुटुंबासमोर तो विचारणे घातकही ठरेल. त्याची जागा नमुना सर्वेक्षणात आहे. तेथे उत्तर एकांतात, स्वतःच्या हाताने आणि नावाविना देता येते.

1 मार्च 2027 या संदर्भ तारखेची जनगणना ठरली आहे. ओळखीचा प्रश्न शरीराच्या प्रश्नापासून वेगळा काढावा आणि त्याचे उत्तर ऐच्छिक ठेवावे, या मागणीवर अशी सवलत जनगणनेत बसत नाही असा आक्षेप येऊ शकतो. पण 1948 च्या कायद्याचे कलम 8 प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक करते आणि तेथेच एक सूटही देते: कोणत्याही स्त्रीवर आपल्या पतीचे नाव सांगण्याची सक्ती नाही. त्या काळच्या रीतीभातींचा मान राखण्यासाठी कायदा इतका वाकला होता, आणि त्यामुळे एकही शिरगणती अडली नाही.