एकाच कडेचा दोष

लोहमार्गाच्या इतिहासात भांडुपचे नाव अगदी पहिल्या पानावर येते. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपास आले असताना मुंबईपासून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यांना प्रथम सुचली, अशी नोंद आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्यास गाडी धावली. भांडुपात बोलावयास उभे राहावे आणि ही गोष्ट सांगू नये, हे आमच्याने होणे नव्हते. पण आजचा विषय आगगाडीचा नाही. असे मार्ग आखणारे मोजणीदार जी दुर्बिण घेऊन डोंगर चढत, तिच्या एका दूरच्या वंशजाची हकीकत आम्हांला सांगावयाची आहे, आणि तिला निमित्त आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे.

भांडुप पूर्वेस, द्रुतगती महामार्गापलीकडे, उदंचन केंद्राच्या बाजूस हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या आरंभी पहाटे गेलात, तर ठाणे खाडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे दिसतात. या खाडीचा भाग २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला. पक्ष्यांच्या पाठोपाठ छायाचित्रकार आले. लांब पल्ल्याचे नवे भिंग सर्वांच्या खिशाला झेपत नाही; म्हणून पुष्कळ जण कोणीतरी वापरून विकलेले भिंग घेतात. आमच्या इमारतीतील एका मुलानेही, दोन वर्षे शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून, ७० ते ३०० मिलिमीटरचे असे एक झूम भिंग घेतले. आठ दिवसांनी तो खाडीवरचे चित्र घेऊन आला. “काका, उजवीकडच्या पक्ष्यांचे पीस न् पीस दिसते, आणि डावीकडचे पाहा.” डावीकडचे पक्षी खरोखरच धुरकट होते.

आम्ही चित्राकडे एकदाच पाहिले आणि निकाल दिला : भिंग कुठेतरी आपटलेले आहे, परत कर. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. आम्ही मुलाबरोबर कोटातील त्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर ‘फसवणूक’ हा शब्द उच्चारला. दुकानदार वयस्क होते. चित्र त्यांनी बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, “साहेब, पक्ष्यांची ही रांग चालली होती कुठे?” आम्हांला उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नाने आम्हांला इतिहासाकडे वळविले. दिसते ते वाकडे असेल, तर वाकडेपण जगात आहे की यंत्रात, आणि यंत्रात असेल तर ते रचनेत आहे की जुळणीत, हे ओळखण्यात माणसाची दोन शतके गेली आहेत.

पहिला धडा मोजणीदारांचा. थिओडोलाइटने कोन घेताना ते एकदा वाचन करीत, मग दुर्बीण उलटी फिरवून तोच कोन पुन्हा घेत. टेकडी जागची हलत नाही. तेव्हा दोन वाचनांत फरक पडला तर तो यंत्राचा, आणि तो दोहोंची सरासरी काढली की निघून जातो. यंत्र निर्दोष आहे असे धरून चालावयाचे नाही, आणि सदोष आहे असेही नाही. ते उलटे करून त्यालाच विचारावयाचे. रीत इतकी साधी आहे की तिचे मोल चटकन ध्यानात येत नाही.

दुसरा धडा तंजावरचा. मराठी माणसाला तंजावर परके नाही. तेथे तेव्हा सरफोजी राजे भोसले गादीवर होते. १८०८ साली विल्यम लॅम्टन याने दक्षिणेच्या त्रिकोणमितीय मोजणीसाठी आपला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट तेथील मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवावयास घेतला. दोर तुटला, पेटी भिंतीवर आदळली आणि ज्या वर्तुळावर अंश कोरलेले होते ते ३६ इंचांचे वर्तुळच वाकले. दुसरे यंत्र विलायतेहून मागवावयाचे तर महिनेच्या महिने गेले असते. लॅम्टन तंबूत जाऊन बसला. त्याने यंत्र सुटे केले, एका सपाट फळीवर मूळ मापाचे बिनचूक वर्तुळ काढले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून वाकलेली कड थोडी थोडी ओढीत त्या रेषेशी आणून बसविली. या कामास सहा आठवडे लागले. त्यानंतर त्याच यंत्राने मोजणी पुढे चालू राहिली. आम्हांला या हकीकतीत ती फळीवरची रेषा सर्वांत महत्त्वाची वाटते. हात लावण्यापूर्वी लॅम्टनने बरोबर काय ते आखून घेतले. आम्ही दुकानात जाण्यापूर्वी काहीच आखले नव्हते.

आता भिंगाकडे येऊ. १८४० साली व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झव्हाल याने व्यक्तिचित्रांसाठी जे भिंग काढले, ते गणिताने बांधलेले पहिले छायाचित्रणाचे भिंग म्हणता येईल. हिशेब एवढा प्रचंड होता की त्यासाठी त्याला तोफखान्यातले, आकडेमोडीत तरबेज असे शिपाई उसने मिळाले होते. त्या भिंगात मध्यभागी चेहरा लख्ख उमटे आणि कडा विरत जात. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक. त्या पिढीच्या हाती आलेल्या भिंगांत कडा मऊ येणे ही रोजचीच गोष्ट होती, आणि तिला कोणी फसवणूक म्हणत नसे.

कडा मऊ का येतात याचे पूर्ण उत्तर म्युनिकच्या लुडविग झायडेल याने १८५६-५७ च्या सुमारास दिले. गोलीय विपथन, कोमा, दृष्टिवैषम्य, क्षेत्राची वक्रता आणि आकाराचे विरूपण असे पाच दोष त्याने सूत्रांत बसविले. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या सूत्रांच्या मुळाशी असलेले एक गृहीत फार मोलाचे आहे. भिंगातील सर्व काचांचे मध्य एकाच सरळ अक्षावर आहेत, असे झायडेल धरून चालतो. तसे असेल तर दोष केंद्राभोवती सर्व बाजूंना सारखाच पसरणार. डावी कड जेवढी मऊ, तेवढीच उजवी, तेवढीच वरची नि खालची. म्हणजे चारही कडा सारख्या मऊ असतील तर दोष गणिताचा, किंवा कमी किमतीत केलेल्या तडजोडीचा. एकच कड बिघडली असेल, तर झायडेलच्या पाचांपैकी कोणालाही एकट्याला जबाबदार धरता येत नाही. एखादी काच अक्षावरून सरकली असेल किंवा कलली असेल. नाहीतर कॅमेराच कललेला असेल. नाहीतर समोरचे जग.

सरकलेली काच कशी ओळखावी, हे शिकविण्याचे श्रेय यॉर्कच्या कुक कारखान्यातील हॅरल्ड डेनिस टेलर याच्याकडे जाते. दुर्बिणीचे भिंग कसे तपासावे व कसे बसवावे यावर त्याने १८९१ साली लहानसे पुस्तक लिहिले. त्यातली रीत ताऱ्याची आहे. एका ताऱ्यावर दुर्बीण रोखून फोकस किंचित बिघडवावयाचा, म्हणजे ताऱ्याच्या जागी वलयांची थाळी दिसते. वलये एकाच केंद्राभोवती असली तर काचा नीट बसल्या आहेत. वलये एका बाजूला दाटली, किंवा चौकटीच्या अगदी मध्यभागी असलेल्या ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटली, तर काच कलली आहे. याच टेलरने १८९३ साली तीनच काचांचे प्रसिद्ध ‘कुक ट्रिपलेट’ काढले. तीन काचांत त्याने जे साधले त्याचे कौतुक होते, पण त्याची किंमतही होती : मधली अंतर्गोल काच केसभर सरकली तरी चित्र बिघडते. गणित जसे नेमके होत गेले, तशी जुळणाऱ्याच्या हाताची परीक्षा कडक होत गेली. १९१८ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने स्वतः कॅमेरा तयार केला. भिंगाचा अक्ष आणि फिल्म यांत काटकोन राखावयाचा म्हणजे काय, हे ज्याने कॅमेरा हाताने बांधला असेल त्याला निराळे सांगावे लागले नसेल.

१८९१ हेच वर्ष टेलिफोटोचेही. लंडनचा डॅलमायर, म्युनिकचा स्टाइनहाइल आणि बर्लिनचा मीथे या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते काढले. पुढे प्रकाश एकवटणारा काचांचा संच आणि मागे पसरविणारा. त्यामुळे भिंगाची लांबी त्याच्या नाभ्यंतरापेक्षा कमी राहते. मागचा संच पुढच्या संचाने केलेले चित्र मोठे करतो, आणि अर्थात पुढच्या संचाची चूकही मोठी करतो. त्यावर झूमची भर पडली. चित्रपटांसाठी १९३२ साली ‘वारो’ आले. स्थिरचित्रांच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी १९५९ साली फ्रँक बॅक याचे ‘झूमर’ आले, ३६ ते ८२ मिलिमीटरचे, चौदा काचांचे. ट्रिपलेटमध्ये काच एकदा नीट बसविली की काम संपले. झूममध्ये काचांचे संच खाचांतून पुढे-मागे सरकतात आणि सरकताना एकाच अक्षावर राहावेत अशी अपेक्षा असते. खाचेतील रोलर वापराने झिजतात. वापरलेले झूम भिंग घेणारा माणूस काचेबरोबर ही झीजही विकत घेतो.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही त्या मुलाबरोबर पुन्हा खाडीवर गेलो. प्रथम दुकानदारांचा प्रश्न सोडविला. पक्ष्यांची रांग उजवीकडून डावीकडे आमच्याच दिशेने तिरपी येत होती. ३५ मिलिमीटरच्या चौकटीवर ३०० मिलिमीटरचे भिंग, छिद्र ५.६, आणि फोकस ६० मीटरवर असेल, तर सुमारे ५४ ते ६८ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. डावीकडचे पक्षी त्या पट्ट्याच्या अलीकडे उभे होते. तेव्हा त्या चित्रापुरते भिंग निर्दोष होते, आणि फसवणूक हा शब्द आमच्या पदरी परत आला.

पण मुलाचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. मग रीतसर तपासणी केली. ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरते आणि चांगल्या भिंगालाही बदनाम करते. म्हणून सूर्योदयाबरोबर सुरुवात. तिपाई, छिद्र पूर्ण उघडे, फोकस हाताने. भिंतीचे चित्र घेतले नाही, कारण कॅमेरा भिंतीशी समांतर आहे याची खात्री कोण देणार? त्याऐवजी खाडीतल्या दूरच्या विजेच्या मनोऱ्याचे टोक घेतले आणि तेच टोक पाळीपाळीने मध्यभागी, चौकटीच्या चारही कडांशी आणि कोपऱ्यांत आणून टिपले. वस्तू एकच, अंतर एकच. बदलते ती फक्त चौकटीतली जागा. ७० वर चारही कडा सारख्या आल्या. २०० वरही तक्रार नव्हती. ३०० वर मात्र वरची कड विरघळली. त्या कडेसाठी फोकस नव्याने केला तेव्हा ती उजळली आणि खालची गेली. म्हणजे फोकसचे पातळच कलले होते. कोणत्याही फोकसला कड उजळली नसती, तर काच बाजूला सरकली असे म्हणावे लागले असते. मुलाच्या मित्राचे दुसरे भिंग त्याच कॅमेऱ्यावर चढविले, ते स्वच्छ. तेव्हा कॅमेरा आणि त्याचा सेन्सर सुटले.

मग आम्ही मोजणीदारांची युक्ती केली आणि कॅमेरा भिंगासकट उलटा तिपाईस बांधला. आपटलेल्या भिंगाचा दोष भिंगाबरोबर फिरतो. मघाची वरची कड आता खाली गेली असती आणि तेथे तो दिसला असता. तसे झाले नाही. दोष आकाशाच्याच बाजूला राहिला. कॅमेरा आडवा वळविला, तरी आकाशाच्याच बाजूला. याचा अर्थ एकच होता. ३०० वर नळी पूर्ण बाहेर येते, झिजलेल्या रोलरांमुळे तिला खेळ मिळतो, आणि पुढच्या जड काचा आपल्या वजनाने जमिनीकडे वाकतात. बोटाने नळी हलकेच वर उचलून धरली तेव्हा चित्र पुष्कळसे सुधारले. भिंग पडलेले नव्हते; ते भरपूर वापरले गेले होते, आणि ही गोष्ट दुकानदारांनी विकतानाच सांगितली होती, हे मुलाला आता आठवले.

आम्ही माफी मागावयास गेलो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हते. ज्यांच्यासमोर आम्ही तो शब्द उच्चारला होता ते चौघे काही परत भेटणार नव्हते. दुकानदारांनी चहा मागविला आणि रोलर बदलून देणाऱ्या कारागिराचा पत्ता कागदावर लिहून मुलाच्या हाती ठेवला. मुलाने तोवर २०० च्या पुढे जावयाचे नाही असे ठरविले. मग त्यांनी काचेच्या कपाटातून दोन लांब भिंगे काढून आमच्यापुढे ठेवली. “साहेब, खाडीवर जाताच आहात तर यांचेही उलटे-सुलटे करून बघा. गिऱ्हाइकाला काय सांगायचे ते मला कळले पाहिजे.” पुढच्या रविवारी ती दोन्ही आम्ही मनोऱ्यावर लावून पाहिली. पहिले बरे निघाले. दुसऱ्याची उजवी कड कोणत्याही फोकसला उजळेना, आणि कॅमेरा उलटा केला तेव्हा दोष निमूटपणे डावीकडे गेला.