गोदावरी समुद्राकडे पाठ का फिरवते?

पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे निघालेली गाडी चुडावा स्थानक ओलांडते, तेव्हा दुतर्फा काळ्या मातीची सपाट शिवारे दिसतात. दक्षिणेला गोदावरी. तिचा उगम त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर. तरीही ती सुमारे १४६५ किलोमीटर पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते.

याचे मूळ भूगर्भात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्याच सुमारास सेशेल्सचा भूभाग पश्चिमेकडून तुटून दूर गेला आणि तुटलेली कडा उंचावली. पुढे पावसाने ती झिजवली, गाळ समुद्रतळाशी जाऊन बसला. ओझे उतरलेली नाव पाण्यात वर येते, तसा भार हलका झालेला हा काठ आणखी उचलला गेला. पठार पूर्वेकडे कलले. सह्याद्री हा हिमालयासारखा घड्यांचा पर्वत नव्हेच. तो उचललेल्या पठाराचा तुटका काठ आहे.

त्यानंतर दख्खन शांत झाले, असा समज दीर्घकाळ होता. भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली.

आशियाच्या भूखंडाशी टक्कर देत भारताचा भूखंड दरवर्षी चार-पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. तो दाब शेकडो किलोमीटर दूर मराठवाड्यापर्यंत पोहोचतो. किल्लारीत नंतर छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्टची जाडी अवघी ३३८ मीटर निघाली. त्याखालच्या अतिप्राचीन खडकातील जुना भ्रंश दाबाखाली सरकला, एक बाजू दुसरीवर चढली आणि काही ठिकाणी जमीन अर्ध्या मीटरहून अधिक वर आली. सह्याद्रीची उंची लक्षावधी वर्षांत वाढली. हा उंचवटा काही सेकंदांचा.

२००२ च्या सुधारित नकाशातून पहिला विभाग वगळण्यात आला. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचा धक्का बसला. परभणी आणि नांदेडमध्येही तो जाणवला. त्याच वर्षी १० जुलैला तेवढ्याच क्षमतेचा दुसरा.