गॅलरी ५९ व मुंबईतील प्रायोगिक कला-लेखन

चित्र, नाट्य व काव्य या कलांतील नवे प्रयोग प्रस्थापित संस्थांबाहेर, लहानशा जागांत सादर करण्याचा उपक्रम. स्वातंत्र्योत्तर मुंबईत त्याला विशेष बहर आला. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुपच्या (१९४७) स्थापनेने नवचित्रकलेला दिशा मिळाली व जहांगीर कलादालन (१९५२) सुरू झाल्याने प्रदर्शनाची सोय झाली. परंतु जेथे कलावंतास नित्य काम, चर्चा व प्रयोग करता येतील, अशा जागेची उणीव होती. वॉर्डन रोडवरील (सध्याचा भुलाभाई देसाई मार्ग) भुलाभाई देसाई स्मारक संस्थेने ती बव्हंशी भरून काढली. कायदेपंडित भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात चालणाऱ्या या संस्थेत चित्रकारांना अल्प मोबदल्यात कार्यकक्ष मिळत. मकबूल फिदा हुसेन, वासुदेव गायतोंडे, नसरीन मोहमदी प्रभृतींनी तेथे काम केले. इब्राहिम अल्काझी यांचे नाट्यकार्य व रविशंकर यांचे संगीत-अध्यापन यांचाही या वास्तूशी संबंध होता. चित्रकार बाल छाबडा यांनी १९५९ मध्ये येथेच ‘गॅलरी ५९’ हे दालन काढले. आधुनिक भारतीय चित्रकलेस वाहिलेल्या मुंबईतील आरंभीच्या खाजगी दालनांत त्याची गणना होते. दालन अल्पायुषी ठरले. तथापि १९६३ मध्ये निघालेल्या केमोल्ड व पंडोल या दालनांनी ही वाट पुढे रुंद केली.

याच काळात मराठी लेखनातही समांतर हालचाल चालू होती. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांचे ‘शब्द’ (१९५४–६०) हे चक्रमुद्रित अनियतकालिक तिचा आरंभ मानले जाते. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ इ. अंक निघाले. संपादकाची मान्यता व छापखान्याचा खर्च हे दोन्ही अडसर चक्रमुद्रणाने दूर केले. कोलटकर (१९३२–२००४) हे जे. जे. कलाशाळेत शिकलेले व व्यवसायाने जाहिरात-आरेखक, तर चित्रे (१९३८–२००९) हेही चित्रकार. त्यामुळे शब्द, अक्षररचना व पृष्ठाची मांडणी यांचा एकत्र विचार या वर्तुळात स्वाभाविकपणे झाला. अदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल व कोलटकर या कवींनी १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाऊस’ ही सहकारी प्रकाशनसंस्था काढली. कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह तिनेच प्रसिद्ध केला. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) हा मराठी संग्रह शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने काढला.

या चळवळींची मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. दक्षिण मुंबईतील दालनांचा व्यवहार मुख्यतः इंग्रजीतून चाले. गिरणगाव वा झोपडपट्टीतील तरुणास तेथे सहज प्रवेश नव्हता. लघु-अनियतकालिकास मात्र दाराची गरज नव्हती. राजा ढाले, नामदेव ढसाळ आदींचे लेखन याच मार्गाने पुढे आले आणि १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ हा ढसाळांचा संग्रह व दलित पँथर ही संघटना, दोन्ही एकाच वर्षी अवतरली. कोणाला जागा मिळते, हा प्रश्न अशा रीतीने कलेपुरता उरला नाही.

भुलाभाई संस्थेचा बंगला पुढे पाडण्यात आला. चक्रमुद्रित अंकही निकृष्ट कागदामुळे दुर्मिळ झाले आहेत. प्रायोगिक कलेचे स्वरूपच क्षणिक असल्याने तिचा इतिहास प्रामुख्याने निमंत्रणपत्रिका, छायाचित्रे व आठवणी यांवर अवलंबून राहतो. म्हणून या साधनांचे जतन करणे हे कलाकृतींच्या जतनाइतकेच महत्त्वाचे ठरते.