स्कॅनरच्या पोटातला गोंगाट

वाहिन्यांमागून वाहिन्या चाळत पोलिसांचे आणि अग्निशमन दलाचे संभाषण ऐकवणारे स्कॅनर १९७० च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी पोहोचू लागले. त्यांचा गाभा सुपरहेटरोडाइन पद्धतीचा होता. अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये फ्रान्समध्ये असताना मांडलेल्या या पद्धतीत संग्राहक स्वतःचा ऑसिलेटर चालवतो, म्हणजे प्रत्येक संग्राहकात एक छोटा प्रक्षेपकही नांदत असतो. आतून उठणाऱ्या व्यत्ययाचे एक मूळ इथे आहे.

सुरुवातीच्या स्कॅनरांत प्रत्येक वाहिनीला वेगळे क्रिस्टल लागे. ते खर्चिक होते, पण एका वेळी वाहिनीचे एकच क्रिस्टल काम करत असल्याने आतला गोंगाट बेताचा राही. १९७० च्या दशकाच्या मध्याला एकाच संदर्भ-क्रिस्टलपासून हव्या त्या वारंवारता तयार करणारा सिंथेसायझर आला आणि क्रिस्टलांचा खर्च वाचला, पण शांतता गेली. सिंथेसायझरच्या संदर्भासाठी १०.२४ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल बरेच वापरले जाई. त्याची पंधरावी पट १५३.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे नेमकी अमेरिकी पोलिसांच्या पट्ट्यात. तिथे स्कॅनर स्वतःचाच आवाज ऐकून थांबे. मायक्रोप्रोसेसर आणि कीपॅड आल्यावर अशा जागा आणखी वाढल्या, कारण तीक्ष्ण कडांच्या डिजिटल स्पंदांत असंख्य पटींच्या वारंवारता दडलेल्या असतात. हौशी श्रोते अशा जागांना ‘बर्डी’ म्हणत. माहितीपुस्तिकांत त्यांची यादी छापली जाई. अँटेना काढूनही आवाज राहिला तर तो आतला, ही साधी परीक्षा आजही खरी ठरते.

घरगुती संगणकांनीही हाच त्रास दिला. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने १९७९ मध्ये डिजिटल उपकरणांच्या उत्सर्जनावर मर्यादा घातल्या. त्यांत न बसणाऱ्या टीआरएस-८० मॉडेल १ या संगणकाचे उत्पादन १९८१ मध्ये थांबले.

स्कॅनरांतल्या गोंगाटावर उपाय तीन बाजूंनी झाले. ऑसिलेटर आणि प्रोसेसर पत्र्याच्या वेगवेगळ्या कप्प्यांत बंद केले गेले आणि प्लास्टिकच्या खोक्याला आतून विद्युतवाहक लेप दिला गेला. कप्प्यात शिरणाऱ्या प्रत्येक तारेवर फीडथ्रू कपॅसिटर किंवा फेराइट मणी बसवला गेला, कारण कवच कितीही चांगले असले तरी तारांवरून गोंगाट बाहेर पडतोच. तिसरा उपाय सर्वांत परिणामकारक, पण आराखड्याच्या वेळीच करावा लागणारा: ग्राउंडचे मार्ग आखूड ठेवणे आणि ऑसिलेटरला स्वतंत्र रेग्युलेटर देणे. तयार यंत्रावर नंतर चढवलेल्या पत्र्याने ही उणीव क्वचितच भरून निघते. काही जपानी हँडसेटांत प्रोसेसरच्या घड्याळाची वारंवारता किंचित सरकवण्याची सोय आली. तिने बर्डी नाहीशी होत नाही, ऐकायच्या वाहिनीवरून बाजूला होते. मालकाच्या हाती मुख्यतः अँटेना कोअॅक्सियल केबलने यंत्रापासून दूर नेणे एवढेच उरे.

२०१२ नंतर टीव्हीचे स्वस्त यूएसबी डोंगल स्कॅनर म्हणून वापरले जाऊ लागले. त्यांतल्या २८.८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची पाचवी पट १४४ मेगाहर्ट्झवर, हौशी प्रक्षेपकांच्या पट्ट्याच्या आरंभीच पडते. पुढच्या आवृत्त्या त्यामुळे अॅल्युमिनियमच्या खोक्यात येऊ लागल्या.