कडू औषध आणि परवान्याचे पेय

मराठी घरात कडू चवीची ओळख बहुधा काडेकिराइताने होते. रात्री भिजत घातलेल्या काड्यांचे पाणी सकाळी उपाशीपोटी, नाक दाबून घ्यायचे. हे किराईत आणि युरोपातल्या अनेक ‘बिटर्स’मध्ये पडणारे जेन्शन एकाच कुळातले. ‘व्हर्मुथ’ला ज्या वर्मवुडवरून नाव मिळाले, ती वनस्पती आणि चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा यांची तर प्रजातीही एकच.

कृतीही आपल्याला अनोळखी नव्हती. चरकसंहितेत 84 आसवांचा उल्लेख आहे. द्राक्षारिष्टात द्राक्षांच्या काढ्यात गूळ, दालचिनी, वेलची, मिरी, पिंपळी पडते आणि धायटीच्या फुलांनी ते आंबते. व्हर्मुथमध्ये तयार वाइनला वनस्पतींचा अर्क आणि मद्यार्क देतात. इथे द्रव्यांसकटच मद्यार्क तयार होतो. ‘अपेरिटिफ’ म्हणजे भूक उघडणारे. आपले वैद्य यालाच दीपन म्हणतात.

मग फरक पडला कुठे? 1786 मध्ये तुरिनला कार्पानोने व्हर्मुथ विकायला काढले. 1824 मध्ये व्हेनेझुएलात डॉ. सीगर्टने अंगोस्तुरा बिटर्स तयार केले, ते पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून. तिकडे औषधाच्या कपाटातली बाटली उघडपणे जेवणाआधीच्या टेबलावर आली. आपल्याकडे ती कपाटातच राहिली. सोवळेपणा हे त्याचे एक कारण. पण राजकारणही होते. 1908 मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले, तेव्हा दारूविरोध हा सरकारच्या अबकारी उत्पन्नाला केलेला विरोधही होता.

स्वातंत्र्यानंतर तोच आग्रह कायदा झाला. मुंबई दारूबंदी कायदा, 1949 याने मद्यार्क असलेली औषधेही जाळ्यात ओढली. एफ. एन. बलसारा न्यायालयात गेले. त्यांनी मागितलेल्या वस्तूंच्या यादीत व्हिस्की-ब्रँडीबरोबर औषधी वाइन आणि ओ-द-कोलोनही होते. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी टिकवला. पण मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावरची बंदी रद्द केली. 1952 च्या दुरुस्तीने ‘24अ’ हे कलम आले: जे औषध नशेचे पेय म्हणून वापरण्याजोगे नाही, त्याला सूट.

या कलमाचा अर्थ नीट पाहावा. औषधाने चवीला किंवा परिणामाला इतके नकोसे असावे, की कोणी ते आवडीने पिऊ नये. व्हर्मुथची सारी गंमत मात्र कडूपणा आवडण्यात आहे.

दुसऱ्या बाजूला मद्यपरवाना दिला गेला तो प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी. पुण्यातल्या ‘परमिट रूम’च्या पाट्या त्याच व्यवस्थेची खूण. म्हणजे औषधाने आनंद देऊ नये आणि आनंदाने औषधाचे नाव घ्यावे, अशी ही तडजोड. तिने दारूमुळे उद्ध्वस्त होणाऱ्या घरांचा प्रश्न सुटला नाही. थोडे, चवीने आणि उघडपणे पिण्याची रीत मात्र रुजू शकली नाही. किराईत, दवणा, द्राक्षे सगळे हाताशी असूनही व्हर्मुथ आपल्याला परके वाटते, ते यामुळे.