वंगणाचा नळा आणि लाल तेल

मंडळी, आजचा विषय जरा तेलकट आहे. इतिहासाच्या मास्तराने गाडीच्या तेलावर लिहावं याचं काहींना हसू येईल, पण राजे-रजवाड्यांच्या सनावळ्या चाळीस वर्षं शिकवून झाल्यावर मला वाटू लागलंय की माणसांचा खरा इतिहास असल्याच गोष्टींत दडलेला असतो.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीस, आमच्या वाळवा भागात बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा. बांबूचा तुकडा, आत एरंडेलाचं काळं वंगण आणि एक काडी. लांब पल्ल्याला निघायचं तर चाक जरा ओढून आसाला वंगण घालायचं, मगच बैल जुंपायचे. चाक कुरकुरलं की वडील म्हणायचे, "गाडी बोलायला लागली." तेव्हा आमचा जिल्हा सांगली नव्हता बरं का! १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. जुनी माणसं पुढे कितीतरी वर्षं सातारा जिल्हाच म्हणत.

आमच्या भागात लोखंडाची ओळख नांगराने करून दिली. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला, तेच किर्लोस्करवाडी. साताऱ्यात धनजीशहा कूपर यांनी १९२० च्या दशकात कारखाना काढला, तिथेही आधी नांगर आणि मग १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, हे शाळेत सांगितलं की मुलांना खरं वाटायचं नाही.) विहिरीवर मोट गेली आणि इंजिन आलं. त्याबरोबर शेतकऱ्याला एक नवी गोष्ट शिकावी लागली, ती म्हणजे चांगलं दिसणारं तेल ओतून टाकायची. एरंडेल नुसतं वर घालत राहायचं असतं, ते काढून कुणी फेकत नसे. इंजिनाचं तेल मात्र ठरल्या तासांनी बदलावं लागतं. काटकसरीत वाढलेल्या माणसाला हे पटणं सोपं नव्हतं. तेल आहे की अजून, मग काढायचं कशाला?

हाच वाद पुढे ट्रकच्या गिअरबॉक्सपाशी आला. थोरल्या बंधूंनी, आमच्या दादांनी, कर्ज काढून जुना टाटा-मर्सिडीज घेतला होता. (१९५४ ते १९६९ टाटांचा जर्मन डाइमलर-बेंझ कंपनीशी करार होता, त्या काळातली नाकवाली गाडी.) सांगलीची हळद न्यायची, हंगामात ऊस ओढायचा. खंबाटकी नाही तर कुंभार्ली चढायचा म्हणजे सगळा भार गिअरवर. त्यांचा ड्रायव्हर म्हणायचा, "जुन्या गिअरबॉक्सचं तेल काढू नका मालक, बसेल ती. कमी झालं तर वरून घाला." दादा ऐकायचे नाहीत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी दोन-चार मैल पळवून आणायची, तेल गरम असतानाच खालचा बूच काढायचा आणि घमेल्यात आलेलं तेल बोटांत चोळून बघायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बोटाला कच लागली तर दात झिजताहेत. मग नवं घट्ट तेल, आणि दुसऱ्या दिवशी पूजा. त्या एका गाडीवर घरातली नऊ माणसं जेवत होती, त्यामुळे ती पूजा नुसती रीत म्हणून होत नसे.

आता हे सगळं का आठवलं? दादांचा धाकटा मुलगा अमेरिकेत टेक्सासात असतो. गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली. तेव्हापासून तो आपल्या जुन्या पिकअप ट्रकवर सामान पोचवायचं काम करतो. ट्रक दोन लाख मैल पळालेला, गिअर आपोआप पडणारा. नवी गिअरबॉक्स घालायची तर हजारो डॉलर, ते आणायचे कुठून? तिथला एक मेकॅनिक म्हणाला, एवढ्या पळालेल्या गाडीचं तेल बदललंत तर ती जागेवर बसेल. पोरगा मला फोनवर म्हणाला, "काका, हे तर आपल्या ड्रायव्हरचंच वाक्य झालं. बाबांनी काय केलं असतं?"

दादा गेले, म्हणून मी वाचायला बसलो. आपल्याकडचे बहुतेक ट्रक अजून हातानेच गिअर टाकायचे असतात. त्यांत तेलाचं काम दातांना ओलं ठेवण्याचं. आपोआप गिअर पडणाऱ्या गाडीत तेलच काम करतं. इंजिनाचा जोर तेच पुढे पोचवतं, त्याच्याच दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या आवळल्या जातात, आणि उष्णताही तेच वाहून नेतं. जनरल मोटर्सने १९३९ साली ही हायड्रा-मॅटिक पद्धत जाहीर केली आणि १९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारीत दिली. महायुद्धात तीच हलक्या रणगाड्यांत बसली. १९४९ मध्ये या तेलाचं पहिलं प्रमाण ठरलं. गळती इंजिनाची की गिअरबॉक्सची हे कळावं म्हणून त्याला लाल रंग देतात.

आणि त्या लाल तेलात काय असायचं? देवमाशाची चरबी! स्पर्म व्हेलच्या तेलाने चकत्या धक्का न देता पकड घेत. आमचे बैल एरंडेलावर चालले आणि अमेरिकेच्या मोटारी देवमाशावर. (एरंडेलही मागासलेलं नव्हतं हो. कॅस्ट्रॉल हे नाव त्याच्याच इंग्रजी नावावरून पडलं, आणि पहिल्या महायुद्धातली कितीतरी विमानं त्यावर उडाली.) १९७० साली अमेरिकेने स्पर्म व्हेल धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातला, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना घाईने दुसरं काहीतरी शोधावं लागलं.

आता त्या मेकॅनिकचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही. चकत्या झिजल्या की त्यांचा भुगा जुन्या तेलात तरंगतो आणि थोडी पकड देतो. असं तेल काढलं की आधीच मेलेली गिअरबॉक्स उघडी पडते, आणि दोष नव्या तेलाच्या माथी येतो. मालकही बहुधा गिअर घसरायला लागल्यावरच जागा होतो. म्हणून मी पोराला म्हटलं, "अरे, दादा आधी घमेल्यात बघायचे. तूही बघ. तेल करपट वासाचं, काळं असेल आणि गिअर घसरत असेल तर हात लावू नकोस, पैसे साठव. नुसतं तपकिरी असेल तर बदल. पण मशीन लावून जोराने धुऊ नकोस."

त्याने खालचं भांडं उतरवलं. तेल तपकिरी होतं, करपलेलं नव्हतं. भांड्यातल्या लोहचुंबकाला राखाडी लगदा चिकटलेला होता. तेवढा चालतो, धातूचे तुकडे निघाले असते तर काळजी होती. फिल्टर नवा घातला, नेमकं त्याच गाडीसाठी सांगितलेलं तेल भरलं आणि गाडी तापवून दांडीवर पातळी पाहिली. भांडं सोडलं तरी निम्म्याहून कमीच तेल निघतं, बाकीचं आतल्या कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काहीशे मैलांनी पुन्हा, आणि मग पुन्हा असं करावं लागतं. दुसऱ्या खेपेचं तेल बरंच लाल निघालं, असं त्याने परवा कळवलंय. गिअर व्यवस्थित पडताहेत. तिसरी खेप नाताळच्या सुट्टीत.