आठवडे, गल्ला आणि तास : सिनेमा किती जणांनी पाहिला, हे सांगणार कोण?

नवं वर्ष लागलं की एक यादी मोबाईलवर फिरायला लागते. गेल्या वर्षी ओटीटीवर सर्वात जास्त पाहिले गेलेले सिनेमे आणि मालिका. मुंबईची ऑरमॅक्स मीडिया ही संस्था अशी यादी दरवर्षी काढते, पेपर ती छापतात, आपण चहा पिता पिता वाचतो आणि पुढे सरकवतो.

या यादीवर जरा थांबून बोलायचंय. पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या खिशाचा आणि आपल्या भाषेचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी आकडे बघू. २०२२ मध्ये थेट ओटीटीवर आलेल्या सिनेमांत 'अ थर्सडे' पहिला होता, अंदाजे अडीच कोटी प्रेक्षक. २०२३ मध्ये 'बवाल', साधारण दोन कोटी दहा लाख. २०२४ मध्ये 'दो पत्ती', साधारण दीड कोटी. तिन्ही हिंदी. पहिल्या नंबरचा आकडा दरवर्षी खाली येतोय. आणि याच संस्थेच्या अहवालांप्रमाणे देशातले ऑनलाईन व्हिडिओ पाहणारे लोक २०२३ मध्ये ४८ कोटी होते, ते २०२४ मध्ये ५४ कोटींच्या वर गेले. बघणारे वाढले, पहिल्या नंबरचा सिनेमा आटला!

लगेच निष्कर्ष काढू नका. 'दो पत्ती' ऑक्टोबरच्या अखेरीस आला, त्याला वर्षातले जेमतेम दोन महिने मिळाले. 'अ थर्सडे' फेब्रुवारीतला. शिवाय त्या ५४ कोटींत महिन्यातून एकदा फुकटचा यूट्यूब व्हिडिओ पाहणाराही धरलाय. आणि यादीत 'प्रेक्षक' म्हणजे कोण? ज्याने तो सिनेमा निदान अर्धा तास पाहिला तो. ही मोजणी पाहणी करून काढलेला अंदाज असतो, प्रत्येक घरात जाऊन केलेली शिरगणती नसते. संस्था ते लपवत नाही, लिहून सांगते. आपणच यादी वाचतो आणि खालची बारीक ओळ सोडून देतो.

म्हणजे आकडा कळायचा तर आधी माप कळायला हवं. आणि सिनेमाचं माप आपल्याकडे कसं बदलत गेलं, हा मोठा मजेदार इतिहास आहे.

आपल्या आजोबांच्या काळात माप होतं आठवडा. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ मध्ये आला आणि मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, पुण्याच्या विजयानंदला तब्बल १३१ आठवडे. अडीच वर्षं एकाच थिएटरात एकच सिनेमा! मग १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून दादा कोंडकेंनी रौप्यमहोत्सवांची रांगच लावली. ओळीने नऊ सिनेमे पंचवीस आठवड्यांच्या पुढे गेले आणि दादांचं नाव गिनीज बुकात लागलं.

आठवडा हे माप काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. पंचविसावा आठवडा गाठायचा म्हणून निर्माता पदरचं भाडं भरून रिकाम्या खुर्च्यांपुढे सिनेमा चालू ठेवायचा, असे प्रकार त्या धंद्यात सर्रास व्हायचे. पण एक गोष्ट होती. खरं-खोटं तपासायला कुणीही जाऊ शकत होतं. हाऊसफुल्लची पाटी रस्त्यावरून दिसायची. रांग दिसायची. ब्लॅकवाला तिकीट किती चढवून विकतोय, त्यावरून सिनेमाची तब्येत पोराटोरांनाही कळायची.

दुसरं माप होतं तिकीट. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ सालचा. तिकीट विकलं की त्यातला वाटा सरकारचा, त्यामुळे किती तिकिटं फाडली याचा हिशेब थिएटरवाल्याला सरकारला द्यावा लागे. रोजच्या विक्रीचा कागद निघायचा, त्यावरून निर्माता, वितरक आणि थिएटर यांचे वाटे ठरायचे. त्यातही चोऱ्या व्हायच्या, तेच तिकीट दोनदा विकलं जायचं. तरी पण प्रेक्षकांचा एक आकडा सरकारदरबारी पोचत होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरघळला.

तोवर आठवडेही संपले होते. मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा दोन-तीन आठवड्यांत उतरतो, म्हणून माप झालं गल्ला. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला आणि मराठीत शंभर कोटींची भाषा सुरू झाली. त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल २०१५ मध्ये, मल्टिप्लेक्सने मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यावा यावरून राज्यात केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मराठीला पडदा मिळत नाही, ही तक्रार तेव्हा निदान दाखवता येत होती. सकाळी नऊचा शो दिलाय, संध्याकाळचा दिला नाही, हे पेपरातल्या जाहिरातीत दिसायचं.

टीव्हीचं माप टीआरपी. आधी टॅम, २०१५ पासून बार्क. निवडक घरांत मीटर, त्यावरून अख्ख्या देशाचा अंदाज. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी याच टीआरपीच्या घोटाळ्याचा गुन्हा जाहीर केला. बार्कने बातम्यांच्या चॅनेलांची रेटिंग थांबवली, ती मार्च २०२२ मध्ये परत सुरू झाली. खटला पुढे मागेही घेतला गेला. पण सामान्य माणसाला एवढं कळलं, की ज्याच्या हातात मीटर त्याच्या हातात जाहिरातीचा पैसा.

आता ओटीटीकडे या.

नेटफ्लिक्स भारतात आलं ६ जानेवारी २०१६ ला. इथे मीटर नाही, तिकीट नाही, पाटी नाही. कुणी काय पाहिलं, कुठे थांबवलं, कधी कंटाळून बंद केलं, हे सगळं कंपनीला सेकंदापर्यंत माहीत. बाहेरच्यांना मात्र ती सांगेल तेवढंच. डिसेंबर २०१८ मध्ये 'बर्ड बॉक्स' हा सिनेमा पहिल्या आठवड्यात साडेचार कोटी खात्यांवर पाहिला गेला, असं तिने जाहीर केलं आणि जगभर बातमी झाली. तेव्हा 'पाहिला' म्हणजे निदान ७० टक्के पाहिला. २०२० च्या सुरुवातीला हिशेब बदलला, दोन मिनिटं पाहिलं तरी पाहिला! या नव्या मापाने आकडे सरासरी ३५ टक्क्यांनी फुगतात, हे कंपनीनेच भागधारकांना कळवलं. नोव्हेंबर २०२१ पासून माप झालं पहिल्या २८ दिवसांतले एकूण तास. जून २०२३ पासून तास भागिले सिनेमाची लांबी, आणि मुदत ९१ दिवस.

हे शेवटचं सोप्या भाषेत सांगतो. दोन तासांचा सिनेमा एकूण एक कोटी तास पाहिला गेला, तर ५० लाख 'व्ह्यू'. आता दोन जणांनी अर्धा-अर्धाच पाहिला, तर दोघे मिळून एक व्ह्यू. आणि एका खोलीत सहा जणांनी एकाच स्क्रीनवर पूर्ण पाहिला, तरी एकच व्ह्यू.

पाच वर्षांत चार मापं. कापडाच्या गावात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. गज बदलला की तागा लहान-मोठा होतोच.

डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने प्रथमच मोठा अहवाल काढला. जानेवारी ते जून या सहा महिन्यांचा, १८ हजारांवर नावं, एकूण जवळपास शंभर अब्ज तास. सर्वात वर 'द नाइट एजंट' ही मालिका, ८१ कोटी तास. ही चांगली गोष्ट झाली, नाही म्हणू नये. पण तो आकडा जगाचा. देशवार रोजच्या-आठवड्याच्या यादीत भारताचे पहिले दहा कोण ते कळतं, किती जणांनी पाहिलं ते कळत नाही. महाराष्ट्राचं तर विचारूच नका.

दुसऱ्या कंपन्यांची तऱ्हा वेगळी. ऑगस्ट २०२१ मध्ये 'शेरशाह' हा प्राइम व्हिडिओवर भारतात सर्वाधिक पाहिलेला सिनेमा ठरला, असं जाहीर झालं. ४,१०० पेक्षा जास्त शहरा-गावांत आणि २१० देश-प्रदेशांत पाहिला म्हणे. किती जणांनी? ते सांगितलं नाही. एका गावात एकाने पाहिला तरी ते गाव त्या ४,१०० मध्ये मोजलं जातं.

यात मराठी कुठे आहे?

फेब्रुवारी २०१९ मध्ये अरुणा राजे यांचा 'फायरब्रँड' नेटफ्लिक्सवर आला, निर्माती प्रियांका चोप्रा. मार्चमध्ये माधुरी दीक्षितची निर्मिती असलेला, चाळीत घडणारा '१५ ऑगस्ट'. एप्रिल २०२१ मध्ये चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल', ज्याला आधीच्या वर्षी व्हेनिसला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला होता. प्राइमवर २०२१ च्या मार्चमध्ये 'पिकासो', एप्रिलमध्ये 'वेल डन बेबी', मे महिन्यात 'फोटो प्रेम'. त्याच वर्षी प्लॅनेट मराठी हे खास मराठीचं ओटीटी उभं राहिलं. अडीच वर्षांत एवढं घडलं, लोकांना वाटलं आता आपले दिवस आले.

मग ओघ का आटला? कंपनीवाले म्हणणार, मराठीला प्रेक्षक नाही. असेलही. मराठी माणूस हिंदी सहज बघतो, मग वेगळे पैसे मराठीवर का घालायचे, हा धंद्याचा सरळ हिशेब आहे. पण त्या हिशेबाची वही आपण बघू शकत नाही. 'सांगत्ये ऐका' चालला हे विजयानंदच्या दारात उभं राहून कळत होतं. 'द डिसायपल' महाराष्ट्रात किती घरांत पाहिला गेला, हे कुठल्या दारात उभं राहून कळणार?

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. २ मे २०२३ ला हॉलिवूडचे लेखक संपावर गेले, २७ सप्टेंबरपर्यंत जवळपास पाच महिने. मागण्यांत मजुरी होती, एआय होतं, आणि एक मागणी अशी होती, की आमचं काम किती पाहिलं गेलं तो आकडा आम्हाला दाखवा. कारण टीव्हीवर पुनःप्रक्षेपण झालं की लेखकाला पैसे मिळायचे, ओटीटीवर सिनेमा हजार वेळा चालला तरी त्याला कळायचंच नाही. शेवटी करार झाला. पाहण्याच्या तासांचा हिशेब संघटनेला गोपनीय म्हणून द्यायचा, आणि पहिल्या ९० दिवसांत तिकडच्या २० टक्के किंवा जास्त ग्राहकांनी एखादी गोष्ट पाहिली तर लेखकाला बोनस. म्हणजे आकडा मजुरीत आला.

आपल्या भिवंडीत ही गोष्ट कुणालाही कळेल. लूमवरचा कारागीर मीटरवर मजुरी घेतो. कापड किती निघालं हे कोण मोजतं, वही कुणाकडे, यावर त्याच्या घरची चूल ठरते. हॉलिवूडच्या लेखकाचं भांडण आणि आपल्या शांतीनगरच्या कारागिराचं भांडण एकच आहे. माझं काम मोजा, आणि मोजलेलं मला दाखवा.

आणि मोजणीबाहेर राहणाऱ्यांतही आपण पुढे. यंत्रमागाच्या वस्त्यांत व्हिडिओ पार्लर होती, दिवसपाळी-रातपाळीच्या मधल्या वेळात कामगार थोड्या पैशांत भोजपुरी, हिंदी, तेलुगू सिनेमा बघायचे. ते प्रेक्षक कुठल्याच गल्ल्यात धरले गेले नाहीत. मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घ्यायची पद्धत आली. आता एका खोलीत सात-आठ जण राहतात, एकाच्या फोनवर सगळे मिळून बघतात. सर्व्हरच्या लेखी तिथे एकच माणूस आहे. शहर कामगारांचं, भाषा पाच-सहा, आणि आकड्यांत आपण जवळजवळ नाहीच.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. कंपन्यांनी धंद्याची सगळी गुपितं चव्हाट्यावर मांडावीत, असं मी म्हणत नाही. पण तीन गोष्टी मागता येतात. एक, मराठी निर्मात्यांनी आणि चित्रपट महामंडळाने करारातच लिहून घ्यावं, की पाहण्याचा हिशेब निर्मात्याला, लेखकाला, दिग्दर्शकाला मिळेल. दोन, ज्या सिनेमाला सरकारी अनुदान म्हणजे तुमचा-माझा पैसा लागलाय, त्याचा ओटीटीवरचा आकडा जाहीर व्हावा, राज्यापुरता तरी. तीन, आपण वाचकांनी आणि आम्ही पत्रकारांनी 'सर्वाधिक पाहिलेला' हा शब्द दिसला की विचारायचं, किती मिनिटं पाहिलं म्हणजे पाहिलं, किती दिवसांत, आणि मोजलं कुणी?

तुमच्या खोलीत, घरात, कारखान्यात एका फोनवर किती जण मिळून सिनेमा बघता, आणि शेवटचा मराठी सिनेमा ओटीटीवर कोणता पाहिलात, कमेंटमध्ये लिहा. सगळ्यांचं वाचतो.